गाडीच्या पोटाखालचं पोलाद

ईशान आणि मीरा, आम्ही सुखरूप परत आलो. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण मधली पानं सोडून शेवट आधी बघायची तुमच्या बाबाला लहानपणापासून सवय आहे. गाडीचं काय झालं ते मात्र क्रमानेच सांगणार आहे. त्याला थांबावं लागेल.

गाडी म्हणजे तुमच्या आजोबांची जुनी डिझेल जीप, चारही चाकांना जोर देणारी. खाणींच्या सर्वेक्षणासाठी आजोबा तिच्यातून रानोमाळ हिंडत. ते गेल्यावर मी गाडी ठेवली, आणि ती चालवणारा प्रल्हादही राहिला. गेल्या वर्षी सिरोंच्याच्या अलीकडे, जंगलातल्या कच्च्या वाटेवर, तोडलेल्या सागाच्या एका खुंटाने तिचं चेंबर फोडलं. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेलं तेलाचं भांडं. सगळं तेल मातीत गेलं. गाडी ट्रकवर चढवून चंद्रपूरला आणली, आणि तेव्हापासून बाबाचं एकच पालुपद सुरू झालं: "आई, विकून टाक."

शेवटी तडजोड ठरली. गाडीच्या पोटाखाली मजबूत गार्ड बसवायचं आणि त्याच वाटेने एकदा जाऊन यायचं. तेलाचा थेंबही न गळता परतलो, तर डिसेंबरात तुम्ही आल्यावर याच गाडीने आपण सगळे त्या वाटेवरच्या येर्रागुट्टा गावाला जाणार. थेंब पडला तर गाडी विकायची, आणि तुम्हाला भाड्याच्या जिप्सीतून ताडोबा दाखवून परत पाठवायचं. ताडोब्याला मी नावं ठेवणार नाही. पण वाघ तुम्हाला तुमच्या घरी पडद्यावरही दिसतो. येर्रागुट्ट्याच्या मागच्या नाल्यात जे आहे, ते मी स्वतःसुद्धा पाहिलेलं नव्हतं. गेल्या वर्षी खुंटाने अडवलं ते गावाच्या तोंडाशीच.

नाल्याची गोष्ट मला सुमनने सांगितली. सुमन आपली शेजारीण. तिची सगळी नोकरी परिचारिका म्हणून सिरोंचा तालुक्यात गेली. दुपारच्या चहाला ती हटकून म्हणायची, "ताई, तिथी झाडं झोपून आहेत. दगडाची. तुमी शाळेत शिकवलं असंन, पण पाहिलं नाई." आणि ते खरं होतं. माझे गुडघे आणि तिची कंबर एकत्र धरली, तर तिथे पायी जाणं आम्हा दोघींना शक्य नव्हतं. म्हणून गाडी हवी, आणि गाडी हवी म्हणून तिच्या पोटाचा बंदोबस्त आधी करायला हवा.

बल्लारपूर

बल्लारपूरला गुड्डूभाऊंचं वेल्डिंगचं दुकान आहे. हवेत कागद कारखान्याचा ओळखीचा वास, पायाखाली कोळशाची काळी माती, आणि भिंतीला टेकून उभी केलेली तीन प्रकारची गार्डं. एक ॲल्युमिनियमचं, चकचकीत, मला एका हाताने उचलता आलं. दुसरं पोलादी पत्र्याचं, काळं. ते उचलायचा मी विचारही केला नाही. तिसरं नळ्यांचं, खिडकीच्या गजांसारखं.

निवड करायची तर ज्याला वाचवायचं ते आधी बघायला हवं, म्हणून मी दुकानाच्या खड्ड्यात उतरले. गाडीच्या खाली जाऊन काम करता यावं म्हणून गॅरेजवाल्यांचा असा एक खड्डा असतो. सुमन वरून ओरडत होती, "ताई, या वयात! वर काढाले क्रेन बोलवा लागंन!" पण मी खाली पोचले होते आणि वर बघत होते.

मुलांनो, मी थक्क झाले. वरून आपली गाडी किती बंदिस्त दिसते! दारं, काचा, कुलपं. खालून ती संपूर्ण उघडी असते. तेलाचं चेंबर, गिअरचा डबा, पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा, धुराची नळी, सगळं जमिनीच्या तोंडाशी लटकलेलं. पाठीवर झोपवलेल्या मोठ्या जनावरासारखी ती दिसत होती, आणि चेंबरवर गेल्या वर्षीच्या जोडणीचा वळ अजून होता. इतकी वर्षं मी या गाडीत निर्धास्त बसले, त्या निर्धास्तपणाखाली एवढंसंच लोखंड होतं.

प्रल्हाद मात्र कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होता. गार्ड बसवणं त्याला आपला अपमान वाटत होता.

"मॅडम, गाडी मी चालवून राह्यलो का हा पत्रा?"

"दोघांनी मिळून चालवा," मी खड्ड्यातून म्हणाले.

"मंग लायसन बी त्याच्याच नावानं काढा."

"गेल्या साली खुंट का तुझं लायसन पाहून आला होता का गा?" सुमनने विचारलं. प्रल्हादने तिच्याकडे पाठ केली. पण चिडलेला असूनही त्याने एक गोष्ट गुड्डूभाऊंना बजावलीच: "लावाचं तं चेसिसले लावा, गाडीच्या सांगाड्याले. इंजिनाले लटकवाल तं खालचा ठोसा थेट तिकडंच जाईन."

त्याच वेळी ईशान, तू फोनवर आलास. तुझ्याकडे रात्र होती आणि तू जांभया देत होतास, तरी तुझा मुद्दा स्पष्ट होता: ॲल्युमिनियम घ्या, हलकं असतं, गंजत नाही. मी फोन गुड्डूभाऊंच्या तोंडासमोर धरला.

"बाबू, तुमच्याकडं वाकलं तं दुकान जवळ राह्यते," ते म्हणाले. "सिरोंच्याच्या तिकडं हातोडा भेटते, दुकान नाई भेटत. पोलाद वाकलं का ठोकून सरळ करता येते. आन् दगडावरून घसरते बी चांगलं. ॲल्युमिनियम दगडाले चावत बसते."

तू आणखी एक जांभई दिलीस. मग म्हणालास की ठीक आहे, पण बोल्टांची डोकी पत्र्याच्या आत बुडालेली हवीत, बाहेर राहिली तर पहिलाच दगड त्यांना तासून टाकेल आणि गार्ड पुन्हा काढताच येणार नाही. गुड्डूभाऊंनी भुवया उंचावल्या. "पोराचं बरोबर आहे," ते म्हणाले, आणि ते ऐकून इथे माझी मान किती ताठ झाली ते तुला फोनवर दिसलं नसेल.

नळ्यांचं गार्ड प्रल्हादला पसंत होतं, कारण निदान ते कमी दिसतं. मी ते नाकारलं. गजांमधून चेंडू आत येऊ शकतो, तर खुंटही येऊ शकतो. मग मी माझे दोन प्रश्न विचारले. आपलं जंगल सागाचं. फेब्रुवारीत त्याची पत्रावळीएवढी वाळलेली पानं वाटेवर पडलेली असतात. ती या पत्र्यात अडकली आणि वर धुराची तापलेली नळी असली तर? आणि तेल बदलायचं असेल तेव्हा दर वेळी सगळं गार्ड उतरवायचं का? गुड्डूभाऊंनी डोकं खाजवलं. तेलासाठी खालून एक भोक आणि पाला ओढून काढायला मागे रुंद तोंड ठेवायचं ठरलं. पुढची कड वर वळवायची होती. "डोंग्याच्या तोंडासारखी करून देतो," ते म्हणाले. प्राणहितेवर अजूनही चालणारी लाकडी होडी म्हणजे डोंगा. इतकी सरळ उपमा ऐकल्यावर मला चित्र काढून दाखवायची गरज उरली नाही.

आलापल्लीकडे

कोठारी, गोंडपिपरी, आष्टी. आष्टीच्या पुलावर मी गाडी थांबवायला लावली. खाली वैनगंगा वाळूतून निवांत वाहत होती आणि पात्रात पक्ष्यांच्या रांगा बसल्या होत्या. दर वेळी मला वाटतं की हा पूल ओलांडला की आवाज कमी होतात. हॉर्न कमी, कर्णे कमी, माणसांचं बोलणंसुद्धा हळू. पळस फुललेला होता. पानं नसलेल्या झाडांवर तो रंग इतका अचानक येतो, की आपण काही बोलत असलो तर वाक्य मध्येच सुटतं. सुमनचं सुटलं. आणि सुमनचं वाक्य सुटणं ही साधी गोष्ट नव्हे.

नाक्यावरच्या पोलिसाने विचारलं, दोघी आजीबाई कुठे निघालात? सुमन म्हणाली, "झाडं पाहाले." त्याने चारही बाजूंच्या जंगलाकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, आणि दांडा वर केला.

माझा एक नियम होता: जिथे थांबू तिथे आधी पत्र्यातला पाला काढायचा, आणि मुक्कामी गाडीखाली जुना पेपर पसरायचा. सकाळी पेपरवर डाग दिसला तर बाबा जिंकला. पाल्यासाठी मी घरचा छोटा खराटा घेतला होता. प्रल्हादला त्याचा फार संकोच वाटे. चहाच्या टपरीवर एका ट्रकवाल्याने त्याला गाडीखाली खराटा फिरवताना पाहिलं आणि विचारलं, "काय भाऊ, सडा बी टाकता का?" त्यानंतर प्रल्हाद थांबायची जागा लोकांपासून लांब निवडू लागला. पण पाला खरोखरच निघायचा. पहिल्याच दिवशी ओंजळभर निघाला, आणि त्यातलं एक पान कडेने तपकिरी होऊन कुरकुरीत झालं होतं. ते मी प्रल्हादच्या हातात ठेवलं. पुढच्या थांब्यावर खराटा त्याने स्वतःहून मागितला.

आलापल्लीच्या पुढे जुन्या सागाचं राखलेलं जंगल आहे. आपल्या अंगणातला साग तुम्हाला आठवत असेल. तो सागच आहे आणि ही त्याची थोर माणसं, असं समजा. एका बुंध्याला आम्ही तिघांनी मिळून कवेत घ्यायचा प्रयत्न केला आणि आमचे हात एकमेकांना लागले नाहीत. मी मान वर केली. शेंडा दिसण्याआधी माझा चष्मा घसरून पडला. तो शोधताना मला कळलं की आम्ही तिघंही कुजबुजत बोलतो आहोत.

पहिल्या मुक्कामानंतरचा पेपर कोरडा होता.

येर्रागुट्टा

सिरोंच्याच्या बरंच अलीकडे मुख्य रस्ता सोडून डावीकडे कच्ची वाट लागते. गेल्या वर्षीचा खुंट तिथेच उभा होता. प्रल्हाद उतरून त्याच्यासमोर गेला. खुंटाच्या बुडातून नवा फुटवा निघाला होता, हाताएवढा, सरळ.

"काय गा, ओळखलं का?" सुमनने खुंटाला विचारलं.

"त्यानं मले ओळखलं असंन," प्रल्हाद म्हणाला. पण त्याने फुटवा मोडला नाही. गाडी त्याच्या बाजूने, झुडपांना घासत, हळूच काढली.

वाट मग चढाला लागली. चढाच्या माथ्यावर एक म्हातारा गृहस्थ आमची वाट पाहत बसला होता. हे लालसूदादा, गावातले वडीलधारे. सुमनने त्यांच्या घरातली बाळंतपणं केली आहेत, आणि ती येणार हा निरोप त्यांना बाजारातून पोचला होता. सुमनने "जोहार दादा" म्हटलं, त्यांनी जोहार केला, आणि मग त्यांनी गाडीसमोर बोट दाखवलं.

वाटेच्या अगदी मधोमध दगडांचा ढीग होता. गुडघ्याहून कमी उंच, रुंद, वरून घासून गुळगुळीत झालेला. त्या माथ्यावरून जाणारा प्रत्येक माणूस तिथे एक दगड ठेवतो. का, असं मी विचारल्यावर लालसूदादा म्हणाले, "घाट चढून आलो ना, म्हणून." याहून वेगळं उत्तर त्यांना लागत नव्हतं. बैलगाडी आली की चाकं ढिगाच्या दोन बाजूंनी जातात आणि ढीग मधून निघतो. जीपलाही तेच करावं लागतं.

"दादा, हा बाजूला सरकवला तर?" मी विचारलं. मी आयुष्यभर वर्गातले बाक सरळ रांगेत लावत आले आहे. मला ते विचारल्याशिवाय राहवलं नाही.

ते हसले. "बाई, गाडी मागून आली. दगड पयलेपासून आहे."

आम्ही दोघी ओझं कमी करायला उतरलो. प्रल्हादने चाकं दोन बाजूंना घेतली आणि मुंगीच्या चालीने गाडी पुढे नेली. मी रस्त्यावर बसून खालून बघत होते. पत्रा आणि ढीग यांच्यामध्ये जेमतेम पोळी सरकेल एवढी फट होती. गाडी पार झाली. प्रल्हादने खिडकीतून मान काढून पत्र्याकडे न बघता आमच्याकडे पाहिलं, म्हणजे श्रेय कोणाचं ते आम्हाला कळावं.

आता आमचे दगड. लालसूदादांनी वाटेकडेचा एक तुकडा उचलून माझ्या हातात दिला. तपकिरी, उभ्या रेषांचा, एका बाजूला सालीसारखा खडबडीत. मी म्हणाले, "दादा, लाकूड चालतं का?" आणि त्याच क्षणी माझा हात खाली गेला. ते लाकूड नव्हतं. लाकडाच्या आकाराचं, लाकडाच्या रेषांचं, पण दगडाच्या वजनाचं आणि दगडाच्या गारव्याचं असं ते काहीतरी होतं. हातातल्या वस्तूविषयी डोळे एक सांगतात आणि तळहात दुसरंच सांगतो, असं मला पूर्वी कधी झालेलं नव्हतं.

सुमनने तिचा दगड ढिगाच्या उतारावर सहज टाकला. मला तसं टाकणं बरं वाटेना. आपल्याकडे देवापुढे फूल ठेवताना आपण देठ कुठे, पाकळ्या कुठे ते बघतो. मी ढिगाच्या वर मधोमध जागा केली, दोन दगड सरकवले आणि माझा तुकडा नीट उभा बसवला, हलणार नाही असा. तो तिथे फार शोभून दिसत होता. लालसूदादा काहीतरी म्हणणार होते, पण पाहुणीला काय बोलायचं म्हणून गप्प राहिले असावेत.

गावात आधी जेवण. पळसाच्या पानांच्या पत्रावळीवर भात, अंबाडीची आंबट भाजी आणि लाल मुंग्यांची चटणी. ती तुमच्यासाठी खाऊन पाहिली. लिंबू आणि मिरची एकदम जिभेवर फुटल्यासारखी लागते. मी दुसऱ्यांदा मागून घेतली. लालसूदादांच्या घरच्या वहिनींनी प्रल्हादला विचारलं की ही बाई नेहमी एवढी खाते का. घरी मी पाहुण्यांना आग्रह करकरून वाढते. इथे कोणी आग्रह केला नाही. पान रिकामं झालं की वाढलं, हाताने थांबवलं की थांबले. मला ते आवडलं.

मग नाला. गाडी काठापर्यंत गेली, आणि तिथून सुमन आणि मी एकमेकींना धरून उतरलो.

ती तिथे होती, मुलांनो. पाण्याच्या बारीक धारेच्या आडवी, एकामागे एक, झाडं पडलेली होती. पूर्ण खोडं. एकाला फांदी फुटल्याची गाठ होती. एकाच्या कापल्यासारख्या टोकावर वर्तुळं दिसत होती, आतून बाहेर, एकाभोवती एक. सालीच्या सुरकुत्यांत वाळू बसलेली. मी त्यावर बोटाने टकटक केलं, तर धातूसारखा आवाज आला. वरच्या काठावरच्या एका जिवंत अर्जुनाच्या झाडाची मुळं खाली येऊन त्यांतल्या एका खोडाला धरून बसली होती, जणू म्हाताऱ्या नातेवाइकाचा हात धरला आहे.

हे कसं होतं ते मी इतकी वर्षं फळ्यावर काढून दाखवलं आहे. खोड गाळाखाली गाडलं जातं, पाण्यातली खनिजं त्याच्या कणाकणांत शिरतात, लाकूड जातं आणि त्याचा आकार दगडात राहतो. सगळं मला पाठ आहे. तिथे उभी असताना त्याचा मला काहीच उपयोग झाला नाही. ही झाडं हिरवी होती तेव्हा फूल नव्हतं, पक्षी नव्हता, आणि माणूस तर फारच नंतरचा. आणि त्या खोडावर माझी सावली पडली होती, चष्म्यासकट.

"कोणी तोडलं असंन हे?" सुमनने लालसूदादांना मुद्दाम विचारलं.

"कोणी नाई तोडलं," ते म्हणाले. "पडलं. मंग उचलाले कोणी आलं नाई."

मी खोडावर बसले आणि किती वेळ बसले ते मला ठाऊक नाही. तुम्ही शेजारी असायला हवे होतात एवढं एकच मनात होतं. तुम्हाला इथे आणायचं, या वर्तुळांवर तुमची बोटं फिरवायची. आणि त्याला एकच अट होती: वर काठावर उभ्या असलेल्या गाडीने पोट न फोडता घरी पोचायचं.

उतरताना

परतीला ऊन कलतं होतं. लालसूदादा माथ्यापर्यंत सोडायला गाडीत बसले. ढीग समोर आला तसं आम्ही उतरू का, असं मी विचारलं, पण प्रल्हाद आता रंगात होता. "बसा मॅडम. येताना गेली, तं जाताना काऊन नाई जाणार?" त्याने चाकं तीच धरली, वाटही तीच धरली.

येताना मात्र तिथे माझा दगड नव्हता. आणि आता गाडीत आम्ही चौघं होतो.

खण्णकन आवाज झाला. गाडीचं नाक उचललं गेलं, पायाखालून काहीतरी लांबवर घासत गेलं आणि मग गाडी धपकन पलीकडे उतरली. प्रल्हादने इंजिन बंद केलं. गेल्या वर्षी अगदी असंच झालं होतं. आधी आवाज, मग शांतता, मग मातीवर पसरत जाणारं काळं तेल.

"ताई," सुमन हळूच म्हणाली, "तुमी तिथी देवळाचा कळस बसवला होता ना."

मी उतरले. हातातला पेपर घडी मोडून गाडीखाली सरकवला आणि वाटेवरच बसले. प्रल्हाद माझ्या शेजारी पालथा पडून खाली बघत होता. एक क्षण मला बाबाचा फोन, गाडीचा फोटो, तो काढणारा गिऱ्हाईक, सगळं दिसलं. पेपरवर एक मुंगळा चालत गेला. दुसरं काही पडलं नाही.

प्रल्हाद अजून आत सरकला आणि तिथूनच बोलू लागला. पत्रा वाकला होता, चांगलाच. वर चेंबरला टेकला होता. पण चेंबर शाबूत होतं. वर वळवलेल्या कडेवर दगड आदळला, मागे कलंडला आणि पत्र्याच्या लांबीभर घासत निघून गेला. बोल्ट सगळे जागेवर होते, डोकी आत बुडालेली. ईशान, एकालाही ओरखडा नव्हता. "नळ्यांचं लावलं असतं, मॅडम," त्याचा आवाज गाडीखालून आला, "तं हा दोन नळ्यांच्या मधून सरळ चेंबरात गेला असता." मग थोडं थांबून, "नळ्यांचं मीच म्हनत होतो."

"बाहेर ये गा," सुमन म्हणाली. "तुझं लायसन राहू दे तुझ्याजवळ. पत्र्याले दुसरं काढून देऊ."

माझा तुकडा ढिगापलीकडे आडवा पडला होता. त्याला काहीही झालं नव्हतं. त्याच्यावर एक चमकदार करडी रेघ मात्र उमटली होती, पोलादाची. लालसूदादांनी तो उचलला, झटकला आणि माझ्याकडे दिला. या वेळी ते बोलले. "बाई, बाजूनं ठेवाचा. वर नाई ठेवत कोणी. मागच्याले जायाचं असते ना."

मी तो ढिगाच्या बाजूला, उतारावर ठेवला.

सिरोंचा

चढाखाली तोच नाला वाटेत आडवा येतो; त्याच्या पाण्यातून गाडी काढून रात्री सिरोंच्यात मुक्काम केला. सकाळी मी चहाच्या आधी पेपर बघायला गेले, आणि पेपरच्या मधोमध तळहाताएवढा काळपट डाग होता.

मी प्रल्हादला हाक मारली नाही. तशीच उभी राहिले. सुमन बाहेर आली, तिने डाग पाहिला, आणि प्रल्हादला तिनेच हाक मारली. प्रल्हाद तोंडात दातवण घेऊनच आला. त्याने डागावर बोट ठेवलं आणि अंगठ्याशी चोळलं, पुन्हा चोळलं. मग हुंगलं.

"तेल असतं तं बोट सरकलं असतं," तो म्हणाला. "हे नाल्याचं पाणी होय. वाकलेल्या पत्र्यात साचून होतं, रातभर ठिबकलं. पाहा." त्याने बोट माझ्यापुढे धरलं. बोटाच्या टोकाला बारीक वाळू होती, तपकिरी. मी ती वाळू माझ्या बोटावर घेतली, आणि मग आम्ही तिघांनी एकदमच इडली मागवली. तिथल्या इडलीसोबत शेंगदाण्याची चटणी येते. ती चटणी त्या दिवशी मला अमृतासारखी लागली, पण एरवी कशी लागली असती ते सांगता येत नाही.

इडलीनंतर पत्रा उतरवून एका लोहाराकडे नेला. त्याचं मराठी आणि आमचं तेलुगू सारखंच अपुरं होतं, पण वाकलेला पत्रा दाखवायला भाषा लागत नाही. दगडावर ठेवून त्याने तो हातोड्याने ठोकून सरळ केला. गुड्डूभाऊ म्हणाले होते तसंच झालं: हातोडा मिळाला. दगडाने पत्र्यावर उमटवलेला लांब ओरखडाही घासून काढू का, असं त्याने खुणेने विचारलं. मी त्याचा हात धरून थांबवला.

दुपारी प्राणहिता आणि गोदावरी जिथे भेटतात तिथे जाऊन उभे राहिलो. दोन्ही नद्यांचं पाणी थोडा वेळ वेगळ्या रंगाचं शेजारी शेजारी वाहतं आणि मग कुठून एक होतं ते डोळे ताणूनही कळत नाही. पलीकडचा तीर तेलंगणाचा. सुमन म्हणाली, "पोरं येतीन तवा इथी बी आणू." ती "आलीत तर" म्हणाली नाही, हे माझ्या लक्षात आलं.

घरी

त्यानंतर थेट चंद्रपूर. प्रल्हादने वाटेत चहाच्या टपरीवर गर्दीतच गाडी लावली, खराटा काढला, आणि आणखी एका ट्रकवाल्याने टोकल्यावर त्यालाच खाली वाकायला लावून पत्रा आणि त्यावरचा ओरखडा दाखवला. तो दगड किती मोठा होता हे सांगताना त्याचे दोन्ही हात बरेच लांब गेले.

आता गाडी अंगणात उभी आहे. तिच्याखाली आजचा पेपर पसरला आहे. मी तो अजून वाचलेला नाही, आणि तो कोरडा आहे. कालचाही कोरडा होता. बाबाला फोटो हवे असतील तर पाठवते, पण तो आल्यावर त्याने स्वतः वाकून बघावं हे बरं.

डिसेंबरात येताना अंगावर घालायला एकेक जुना शर्ट आणा. आल्याआल्या तुम्हाला गाडीखाली पाठीवर झोपवणार आहे. पत्र्याच्या पुढच्या कडेपासून मागेपर्यंत एक लांब रेघ आहे. तिच्यावर बोट फिरवा. ती एका झाडाने काढली आहे. मग आपण ते झाड बघायला जाऊ. माथ्यावर लालसूदादा तुम्हा दोघांच्या हातांत एकेक दगड देतील. ईशान, तू सगळ्या गोष्टी नीट लावणारा, माझ्यासारखा, म्हणून तुला खास सांगते. दगड बाजूला ठेवायचा. आपल्या मागून कोणीतरी येत असतं.